बिल्ल्यामागचे टाके

"ह्यो बिल्ला कुणी लावला?" गाडीत अर्धं अंग घालून, वर न बघताच सावळारामनं विचारलं.

"कुणी म्हंजे? कंपनीनं," बाहेर उभा असलेला ऋषिराज म्हणाला. "फॉरेनचा माल हाय, आबा."

"कुठली कंपनी?"

"बिल्ल्यावर लिवलंय की."

"मला न्हाय इंग्रजी येत. तू वाच."

ऋषिराजनं वाकून नाव वाचलं, नंबर वाचला, शेवटी साल वाचलं. एकोणीसशे नव्याण्णव. सावळारामला आकडे वाचता येत होते. कंपनीचं नावही त्याच्या नजरेच्या ओळखीचं होतं. वाचताना या पोराचा आवाज कुठं अडखळतो का, एवढंच त्याला ऐकायचं होतं. आवाज अडखळला नाही. पण साल वाचून झाल्यावर ऋषिराजनं उगाच घसा साफ केला.

"गाडी बाजूला घे," सावळाराम म्हणाला. "त्या लिंबाखाली."

"का? काय झालं?"

"सावलीत बघतो."

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरहून मोटारींची रॅली सुटायची होती. उजनीच्या काठाकाठानं डाळजपर्यंत आणि तिथून कच्च्या रस्त्यानं माघारी. त्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी बाजार समितीच्या आवारात चालली होती. कांद्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं होतं. ब्रेक, चाकं, आग विझवायचं नळकांडं, हे सगळं बघायला पुण्याहून वाघोलीकर साहेब आणि सुमित नावाचा त्यांचा इंजिनिअर आले होते. पट्टे बघायला मात्र बारामतीचा सावळाराम अहिवळे होता.

रेसच्या गाडीचा पट्टा साध्या मोटारीतल्यासारखा नसतो. दोन खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून, आणि पोटावर एका बकलात चारी अडकतात. गाडी उलटली तर आतला माणूस त्या चार पट्ट्यांवर लटकतो. म्हणून बनवणारी कंपनी पट्ट्याची ताकद तपासते आणि त्यावर बिल्ला शिवते. बिल्ल्यावर शेवटचं साल असतं, बनवल्यापासून पाच वर्षांनंतरचं. ते साल उलटलं की पट्टा बाद, मग तो दिसायला कितीही चांगला असो. पट्टा कापला, आखूड केला, त्याला नवी शिवण घातली, तरीही बाद. बारामतीत पोरं पट्टा घेऊन यायची आणि म्हणायची, "आबा, जरा वीतभर कमी करून द्या." सावळाराम म्हणायचा, "पट्टा न्हाय कमी व्हायचा. तू जाड हो." गादी उंच करून द्यायचा, खांद्याला बोचू नये म्हणून पट्ट्यावरून चढवायची छोटी मऊ गादी शिवून द्यायचा, पण पट्ट्याला सुई लावायचा नाही.

हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. पुण्यातल्या एका कारखान्यात त्यानं एकोणीस वर्षं पॅराशूटचे पट्टे शिवले होते. दम्यानं नोकरी सुटली तेव्हा तो बारामतीला परत आला आणि भिगवण रस्त्याला कुशनचं दुकान टाकलं. ट्रॅक्टरच्या गाद्या, जीपचे हूड, रेक्झिनची कव्हरं. वाघोलीकर साहेबांना कुणाकडून तरी कळलं आणि त्यांनी त्याला तपासणीला बोलवायला सुरुवात केली. हे चौथं वर्ष. तो पट्ट्यावरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, चांगला हाय, न्हाय. साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मी एक वेळ यंत्रावर विश्वास ठेवणार नाही, अहिवळेंच्या अंगठ्यावर ठेवीन." त्याच्या बायकोनं, सारजानं, हे गल्लीत निदान वीस जणींना ऐकवलं होतं.

सारजा जाऊन आठ महिने झाले होते. साध्या तापाचं निमित्त झालं आणि नवव्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून सावळारामचा कशावर भरवसा राहिला नव्हता. डॉक्टरनं काहीतरी लपवलं, असं त्याला वाटायचं. शेजारच्या सिंधुबाईनं भाजी आणून दिली की तो आधी वास घ्यायचा. दुकानाला दोन कुलपं घालायचा आणि अर्ध्या रस्त्यातून मागं जाऊन ती ओढून बघायचा. काल बोलत असलेलं माणूस आज गप्प होतं, तेव्हा मागं राहिलेल्याला दुधातसुद्धा पाणी दिसायला लागतं.

लिंबाखाली त्यानं ऋषिराजच्या जिप्सीचं दार उघडलं. खांद्यावरची मऊ गादी सरकवली. गादीखाली पट्टा गडद लाल होता. गादीबाहेर तो फिका, धुवट झालेला. बिल्ल्यावरच्या सालानं तो जेमतेम दोन वर्षांचा होता, आणि दोन वर्षांत कुठलाच पट्टा एवढं ऊन खात नाही. त्यानं नखानं कड खरवडली. बारीक भुकटी नखात आली. बिल्ला मात्र कोरा करकरीत.

हा पट्टा आठदहा वर्षांचा तरी होता. बिल्ला दुसऱ्याच पट्ट्याचा होता. एवढं त्याला लगेच कळलं. आता त्यानं पट्टा उलटा करून बिल्ल्याच्या मागचे टाके बघितले आणि तो तसाच गाडीच्या सीटवर बसला.

मशीनवर बसणारा कुठलाही माणूस चौकोन शिवताना वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करतो. ही शिवण खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू झाली होती. आणि शेवटी दोऱ्याची टोकं काडीनं जाळली नव्हती. मागच्या बाजूला ओढून त्यांना दोन गाठी मारल्या होत्या, एकीवर एक. असं शिवणारं माणूस सावळारामला आयुष्यात एकच माहीत होतं. सारजा डावरी होती. आणि तिला जळक्या नायलॉनच्या वासानं मळमळायचं.

त्यानं गाठीवर बोट ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.

मग त्याचं डोकं चालायला लागलं, आणि आठ महिन्यांत ते ज्या वाटेनं चालायला शिकलं होतं त्याच वाटेनं चाललं. महिन्यातून एकदा तो रेक्झिन आणायला पुण्याला जायचा. दुकानात सारजा एकटी असायची. काय काय शिवत होती ती माझ्यामागं? आणि ती गेल्यावर तिच्या पेटीत एक कात्री निघाली होती. डावऱ्या माणसाची, चांगली, भारी. बारामतीत तसली मिळत नाही. त्यानं ती कधी आणली नव्हती. कुणी दिली? कशाबद्दल दिली?

"आबा, झालं का?" ऋषिराज लांबून ओरडला.

"तू चा पिऊन ये," सावळाराम म्हणाला.

दुपारी कुशाबाई डबा घेऊन आली. ही सारजाची थोरली बहीण, इंदापुरातच राहायची. दाजी तपासणीला आले की त्यांचं जेवण तिच्याकडं, हे ठरलेलंच होतं. तिनं शेडच्या कडेला बारदान अंथरलं आणि डबा सोडला.

"बसा दाजी. चिलापीचं कालवण हाय. काटं बघून खावा."

"कुशाबाई, एक इचारू?"

"इचारा की."

"सारजा माझ्यामागं कुणाची कामं घ्यायची का?"

"मंजी?"

"मी पुण्याला गेलो की. मला न सांगता. कुणाचं काय शिवून द्यायची का?"

कुशाबाईचा भाकरी मोडणारा हात थांबला. "मेलेल्या माणसाची झडती घेताय व्हय, दाजी?"

"तिच्या पेटीत कात्री हाय. डाव्या हाताची. मी आणल्याली न्हाय."

"मग?"

"मग कुणी दिली?"

 कुशाबाई हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "माझ्या सुयशनं दिली. मुंबईहून आणली. मावशीच्या बोटाला घट्टं पडल्यात म्हणाला, उजव्या कात्रीनं डाव्या हातानं कापून कापून. तुमाला दावणार हुती. त्याच्या आधीच ताप आला." तिनं भाकरी ताटलीत टाकली. "आठ म्हैनं झालं. आठ म्हैनं तुमी त्या कात्रीकडं बघत बसलाय, आन् मला एका शब्दानं इचारलं न्हाय?"

सावळाराम भाकरीचा तुकडा कालवणात फिरवत राहिला.

"दूधवाल्यावर संशय घ्या, डाक्टरवर घ्या, माझ्या कालवणावर घ्या. तिच्यावर घेऊ नगा. ती तुमाला इचारल्याबिगर सुईत दोरा ववत नव्हती. आमी चेष्टा करायचो तिची. म्हणायचो, सारजे, जांभई आली तरी सावळारामला इचारून दे."

"तसं न्हाय, कुशाबाई..."

"तसंच हाय. जेवा आता. निवतंय."

त्यानं दोन घास खाल्ले. ताटली बाजूला सारली. कात्रीचं उत्तर मिळालं होतं, पण पट्टा तर लिंबाखाली गाडीत होताच. विचारल्याशिवाय दोरा ओवत नव्हती, तर हा चौकोन कसा शिवला? कुशाबाई बहिणीचंच बोलणार. त्यानं हात धुतले आणि आवाराच्या फाटकाजवळ चहाच्या गाड्याकडं गेला.

ऋषिराज वडगाव निंबाळकरचा. घरी ऊस, गोठ्यात दहाबारा गाई, आणि याच्या डोक्यात मोटारी. वागायला वाईट नव्हता. दुकानात आला की स्वतःच स्टूल ओढून बसायचा, सारजाला मावशी म्हणायचा.

"चला आबा, तुमी बी घ्या अर्धा," तो म्हणाला.

"बिल्ला डावऱ्या हातानं शिवलाय," सावळाराम म्हणाला.

ऋषिराजनं कप खाली ठेवला. चहावाल्याकडं बघितलं, मग सावळारामचा दंड धरून त्याला चार पावलं लांब घेऊन गेला.

"आबा, तुमाला खोटं न्हाय सांगत. पट्टा जुनाच हाय. मुंबईच्या एका डायवरकडनं घेतला. बिल्ला दुसऱ्या पट्ट्याचा. त्यो पट्टा गाडीबरोबर जळाला, तेवढा बिल्ल्याचा तुकडा राहिला हुता."

"आन् सारजानं लावून दिला."

"व्हय."

"तुमचं हे कधीपासनं चाललं हुतं? मी पुण्याला गेलो की यायचास?"

"आवं काय बोलताय आबा!" ऋषिराजचा चेहरा खरंच लाल झाला. "एकदाच. गेल्या मे महिन्यात. खांद्याच्या गाद्या करायला आलो, तवाच म्हणालो, मावशी, धुताना बिल्ला निघालाय, तेवढा लावा. मावशींनी लगीच न्हाय लावला. म्हणल्या, थांब, ह्यास्नी इचारते."

"मी कुठं हुतो दुकानात?"

"हुता की. आतच हुता. कुणाच्या तरी जीपचा हूड शिवत हुता, खाकी."

"खोटं बोलू नगंस."

"माझ्या आईची शपथ. मी दारात हुतो. मावशी तुमच्यापाशी आल्या, हातावर बिल्ला धरून. म्हणल्या, ह्यो निघालाय म्हनतोय, लावू का? तुमी वर बघितलं न्हाय. म्हणाला, 'लाव की. रोज दहादा काय इचारती?'"

फाटकातून एक टेंपो आत आला. दोघं बाजूला झाले. टेंपो गेला तरी सावळाराम तिथंच उभा राहिला.

हूड खाकी होता. कापड दुपदरी, आणि त्या दिवशी दोनदा सुई मोडली होती. त्याला सगळं आठवलं. सारजाचा तळहात मशीनच्या दिव्याखाली आला होता आणि त्यावर काहीतरी लहान, चौकोनी होतं. ऐकू आलं नव्हतं असं म्हणायलाही जागा नव्हती. चांगलं ऐकू आलं होतं. तो तळहात क्षणभर तसाच थांबला होता, मग मागं गेला. ते बोलून दुसऱ्या मिनिटाला तो विसरलाही होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत नव्हते. पट्ट्याला सुई लावायची नसते, एवढं तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तर ती विचारायला आली होती.

आणि आज सकाळपासून तो तिची चोरी शोधत होता.

"आबा," ऋषिराज हळू आवाजात म्हणाला, "एक डाव जाऊ द्या. उद्याची रॅली झाली की मी ह्यो पट्टा फेकून देतो. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय."

"तुमी बाद केला तर साहेब इचारणार, शिवला कुणी. मावशीचं नाव येणार. गेलेल्या माणसाचं नाव कशाला मधी आणायचं?"

सावळारामनं त्याच्याकडं बघितलं. हे पोरगं धमकी देत होतं की मनापासून बोलत होतं, ते त्याला ओळखता आलं नाही. त्यानं त्याचा हात धरला, लिंबाखाली गाडीपाशी नेला, पट्ट्याची फिकी कड नखानं खरवडली आणि लाल भुकटी ऋषिराजच्या तळहातावर झाडली.

"ह्यावर लटकणार तू. डाळजच्या वगळीत, त्या खोल ओढ्यात, गाडी उलटली तर ह्यावर. तुझ्या बापाला म्हाईत हाय का?"

ऋषिराजनं तळहात पँटीला पुसला. "न्हाय."

"सोड पट्टा. चारी बोल्ट काढ."

वाघोलीकर साहेब टेबलाशी बसून कागद भरत होते. सावळारामनं पट्टा त्यांच्यासमोर ठेवला, बिल्ल्याची मागची बाजू वर करून.

"बाद," तो म्हणाला. "पट्टा जुना, बिल्ला दुसऱ्याचा."

साहेबांनी चष्मा लावला. कागदावर गाडीचा नंबर लिहिला, कारण लिहिलं. "शिवण कोणी केली ते कळलं का? ते लिहावं लागेल. त्याच हातानं आणखी कुठं लावले असतील तर शोधायला हवेत."

"माझ्या दुकानात शिवलाय. नाव माझं लिवा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पट्टा उचलून डोळ्यांजवळ धरला. ते बारामतीला दुकानात दोनतीनदा येऊन गेले होते. सारजाच्या हातचा चहा प्यायले होते. तिला काम करताना त्यांनी बघितलं होतं. ते त्या दोन गाठींकडं बराच वेळ बघत राहिले.

"अहिवळे," ते म्हणाले, "तुम्ही उजव्या हातानं काम करता."

"व्हय साहेब. पण लाव म्हणून मी सांगितलं. शिवणारं माणूस इचारायला आलं हुतं. मी मान वर केली न्हाय. मग काम कुणाचं?"

साहेबांनी पट्टा खाली ठेवला. शेडमध्ये कुणीतरी हॉर्न वाजवून बघत होतं.

"हे लिहिलं तर मला तुम्हाला या टेबलावर बसवता येणार नाही. यंदा नाही आणि पुढंही नाही."

"म्हाईत हाय."

"मी नुसतं 'पट्टा बाद' एवढंच लिहू शकतो. पोरगा गाडी मागं घेईल. विषय संपला."

सावळारामनं शेडबाहेर बघितलं. सकाळपासून पास झालेल्या गाड्या एका रांगेत उभ्या होत्या. त्यांचे मालक बॉनेटवर बसून शेंगा खात होते.

"आन् ह्या अकरा गाड्यांचं काय?" तो म्हणाला. "ह्यातल्या निम्म्यांचं काय ना काय माझ्या दुकानात येऊन गेलंय. गाद्या म्हणा, कव्हरं म्हणा. तवा मी नीट बघितलं का नुसतं 'हं' म्हणालो, मला आज सांगता येत न्हाय. सकाळी मी पास केल्यात. माझं बघणं धरू नका. परत बघा सगळ्या."

"तुमच्या अंगठ्यावर माझा विश्वास आहे."

"माझा न्हाय, साहेब."

साहेबांनी कागद पुढं ओढला आणि लिहिलं: सावळाराम अहिवळे, बारामती. मग कागद फिरवून त्याच्याकडं सरकवला. सावळारामनं सही केली. सही करायला त्याला वेळ लागायचा, आजही लागला.

बाद पट्टा तिथंच कापून टाकायचा, हा नियम होता. नाहीतर तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या गाडीत निघतो. सावळारामनं टेबलावरची मोठी कात्री घेतली आणि चारी पट्टे मधोमध तोडले. बिल्ला कागदाला जोडायचा होता. सुमित म्हणाला, "आबा, टाके उसवून नुसता बिल्ला द्या, चालेल." सावळारामनं टाके उसवले नाहीत. बिल्ल्याभोवती दोन बोटं पट्टा सोडून त्यानं तुकडा कापला, गाठी धरून, आणि साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो कागदाला टाचला आणि फाइलमध्ये ठेवला.

ऋषिराज शेडच्या खांबाला टेकून उभा होता. थोड्या वेळानं त्याची जिप्सी फाटकातून बाहेर पडली, उजवीकडं वळून बारामतीच्या रस्त्याला लागली.

सावळारामनं टेबलामागची आपली खुर्ची मागं ओढली आणि सुमितला म्हणाला, "बस."

"आबा, मला तुमच्यासारखं कळणार नाही."

"कळंल. गादीखालचा आन् बाहेरचा रंग ताडून बघ. कड खरवड. बिल्ला मागनं बघ, म्होरनं न्हाय. आन् कुणाच्या वळखीचा हाय म्हणून पुढं जाऊ नगंस. माझ्या बी."

रांगेतल्या पहिल्या गाडीचा मालक कुरकुरला. "आवं, सकाळी आबांनी बघितलंय की!"

"म्हणून तर," सावळाराम म्हणाला. "उघड दार."

सुमित आत वाकला. पट्टा उलटा केला, कड खरवडली, नख उजेडात धरलं. सावळाराम दोन पावलं मागं, उन्हात उभा होता. आपले हात आपोआप पट्ट्याकडं जातील, म्हणून त्यानं ते पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

"चांगला आहे," आतून सुमित म्हणाला, आणि दुसऱ्या गाडीकडं निघाला.